कासवांसाठी पदरमोड कोणाची?

समुद्री कासवांचे रक्षण व्हावे, याविषयी सुशिक्षित समाजात आज दुमत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ऑलिव्ह रिडले कासवाला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. परंतु गुन्हा कोणता हे कायदा सांगतो. रक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे सांगत नाही. प्रश्नाची खरी गाठ तेथेच आहे.

कासव कोणाच्याच मालकीचे नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ साली आपल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. ज्या वस्तूला धनी नाही तिच्या राखणीत कोणालाच लाभ दिसत नाही. ती उचलून नेणाऱ्याला मात्र लाभ रोख मिळतो. मादी शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरून समुद्रात परतते आणि पुढचे दीड-दोन महिने ती बेवारस राहतात. कोकणात वर्षानुवर्षे ही अंडी माणसांनी नेली, उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरली.

मंडणगड तालुक्यातील वेळास गावात हे चित्र पालटले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली तेथे कामाला आरंभ केला. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवण्यात आली आणि या कामात गावकरीच सहभागी झाले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावातील घरांत चार पैसे येऊ लागले. उपदेशाने जे साधले नसते ते हिताची सांगड घातल्याने साधले.

तथापि किनारा ही अर्धीच बाजू झाली. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले तर ते गुदमरून मरते. त्याला सोडवायचे तर पुष्कळदा जाळेच कापावे लागते. लाभ साऱ्या समाजाचा आणि तोटा एकट्या मच्छीमाराचा, हा हिशेब न्यायाचा नव्हे. म्हणूनच संरक्षित प्राणी सोडून देणाऱ्या मच्छीमाराला कापलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस सुरू केलेली योजना तत्त्वतः योग्य ठरते.

पैसे देऊन भूतदया विकत घ्यावी काय, असा आक्षेप घेतला जातो. पण झालेले नुकसान भरून देणे म्हणजे बक्षीस नव्हे. एका मुक्या जिवासाठी महिन्याचा पगार सोडा, असे कोणी म्हटले तर आपण नोकरदार काय उत्तर देऊ? शिवाय खर्च टाळल्याने तो नाहीसा होत नाही. कासवांना निसटण्याची वाट ठेवणारी जाळी आपल्या ट्रॉलरांवर वापरली जात नाहीत, या कारणास्तव अमेरिकेने २०१९ साली भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. एका चौकटीचा खर्च वाचवू पाहणाऱ्यांना बाजारपेठच गमवावी लागली.

तेव्हा मागणी साधी आहे. भरपाईचा अर्ज बंदरावरच करता यावा आणि रक्कम पुढील हंगामापूर्वी हाती पडावी, कारण विलंबाने मिळणारी भरपाई कर्ज काढून जाळे विणणाऱ्याच्या उपयोगाची नाही. जेथे पर्यटक फिरकत नाहीत तेथील कासवमित्रांचे मानधन सरकारी तिजोरीतून नियमित मिळावे. कासव सर्वांचे असेल, तर त्याचा खर्चही सर्वांचाच असला पाहिजे.