टोपीखालचे तीन आठवडे

कांद्याचे रोप वाफ्यातून उपटून शेतात लावले की पहिले काही दिवस ते मान टाकते, हे मोसम खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी द्यावे आणि जागा बदलल्याचा धक्का रोपाला पचवू द्यावा. ज्याला एवढा धीर नाही, त्याने कांदा लावू नये. परंतु हाच न्याय माणसाच्या डोक्याला लावण्याची वेळ आली की, बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या कांद्याच्या पेठेतही हे शहाणपण विसरले जाते. केशरोपण करून येणारा तरुण राजबिंडा होऊनच परतेल अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात एस.टी.तून उतरतो तो सुजलेल्या कपाळाचा, टोपी सावरणारा माणूस, आणि मग हशा पिकतो.

या हशाचा विचार गांभीर्याने करणे आवश्यक आहे. कारण तो टाळण्यासाठी माणूस जे लपवतो, त्यात अनेकदा त्याचे दुखणेही असते.

केशरोपण ही श्रीमंतांची हौस आहे, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे सोपे आहे. पण केसांचे मोल केवळ सौंदर्याचे नसते, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगायला नको. विधवेचे केशवपन ही याच भूमीतील रूढी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक विचाराच्या नाभिकांनी ते करण्यास नकार दिला, तो केवळ कात्री-वस्तऱ्याचा संप नव्हता. डोक्यावरील केसांवरून समाज माणसाची किंमत ठरवतो, आणि आज ही किंमत लग्नाच्या बाजारात ठरते. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार कसमादे पट्ट्यातील घराघरांत ऐकू येते. अशा मुलाचे पंचविशीतच कपाळ मागे सरकू लागले, तर त्याच्या आईबापांना झोप येत नाही. त्याने कांद्याच्या पैशांतून नाशिक, पुणे वा मुंबई गाठली, तर त्याला छचोर ठरवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

शस्त्रक्रियेचे तत्त्व साधे आहे. डोक्याच्या मागील आणि कानांवरील भागातले केस सहसा टकलाला बळी पडत नाहीत. ते उचलून पुढे लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. जपानमधील ओकुदा या डॉक्टरांनी 1939 मध्ये व्रण आणि भाजलेल्या जागांवर केस लावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी 1952 पासून टकलावर ते तंत्र वापरले. आज एकेक मूळ जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ सुईने सुटे केले जाते, अथवा मागील त्वचेची पट्टी कापून तीमधून मुळे वेगळी करतात. एका बैठकीत दोन-तीन हजार मुळे लावण्यात सहा-आठ तास जातात. रोग्याला केवळ जागा बधिर करण्याची इंजेक्शने दिलेली असतात, आणि बहुधा त्याच संध्याकाळी घरी जाण्याची परवानगी मिळते.

जाहिरात येथे संपते. रोग्याची कथा येथून सुरू होते.

पहिल्या रात्री बधिरता उतरते आणि डोक्याची मागची बाजू ठणकू लागते. पाठीवर निवांत झोपता येत नाही, कुशीवर वळता येत नाही. उशा रचून अर्धवट बसूनच काही रात्री काढाव्या लागतात. दुसऱ्या-चौथ्या दिवसांच्या दरम्यान सूज कपाळावरून खाली उतरते. कधी पापण्यांपर्यंत येते आणि सकाळी आरशात दिसणारा चेहरा ओळखू येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती आठवडाभरात ओसरते; पण हे ज्याला आधी सांगितलेले नसते, त्याची गाळण उडते. डोक्यावर बारीक बारीक खपल्या धरतात, त्यांना खाज सुटते, आणि खाजवले तर नव्याने लावलेले मूळ उपटून येण्याची भीती. पहिली अंघोळ म्हणजे एक दिव्यच: डोक्यावरून तांब्याने हळूहळू पाणी ओतायचे, बोटांचा स्पर्श होईल न होईल इतका. दहाव्या दिवसाच्या सुमारास मुळे बऱ्यापैकी धरतात आणि खपल्या गळू लागतात. टाळूच्या बधिर भागात मात्र पुढे कित्येक आठवडे, कधी काही महिने, आपलेच डोके परक्याचे वाटत राहते, कारण त्वचेतील बारीक मज्जातंतू दुखावलेले असतात.

खरा कसोटीचा काळ त्यानंतर येतो. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केसच गळू लागतात. इतका पैसा मोजून, इतका ठणका सोसून उशीवर पुन्हा केस! या वेळी माणसाला वाटते की आपण फसवले गेलो. वास्तविक केस गळतो, मूळ आत जिवंत असते. रोपाची जुनी पाने पिवळी पडावीत आणि गाभ्यातून नवी यावीत, तसाच हा प्रकार आहे. परंतु नामपूरच्या त्या तरुणाला हे सांगायचे कोणी? शस्त्रक्रिया झाली ते शहर शंभर किंवा त्याहून अधिक किलोमीटर दूर, आणि गावात विचारावे तर गुपित फुटते.

त्यात हंगामाचा प्रश्न आहे. शिक्षक वा लिपिक मोठी रजा घेऊ पाहतो ती उन्हाळ्यात; म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा बागलाणचे ऊन डोक्यावर आग ओकत असते आणि बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर रिचवताना पातीचा आणि फोलपटांचा धुरळा उडत असतो. ताज्या जखमांना ऊन आणि धूळ दोन्ही वर्ज्य. शेतकऱ्याचा मुलगा तर आठव्या दिवशी पुन्हा बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभा असतो, कारण घरात कोणालाच खरे कारण सांगितलेले नसते. रजेच्या अर्जात कारण काय लिहावे, हा प्रश्न शिक्षकालाही छळतो. पोटाचे दुखणे लिहिले जाते आणि डोके झाकले जाते. घामट, घट्ट टोपी ही त्या आठवड्यांतील सर्वांत वाईट सोबत, पण हशापेक्षा तीच बरी वाटते.

सूज, खाज आणि गळती हे दुखणे त्रासदायक असले तरी निभावून नेण्याजोगे आहे. दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, ताप, पू, त्वचेचा काळा पडत जाणारा डाग ही मात्र वेगळी लक्षणे आहेत; आणि चेहरा व घसा सुजून श्वास कोंडू लागला तर तासाचाही अवधी नसतो. मार्च 2019 मध्ये मुंबईतील एका 43 वर्षांच्या व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक मुळे लावल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. कानपूरमध्ये 2025 साली अशाच मृत्यूचे प्रकरण पुढे आले, आणि आरोप होता तो दंतवैद्यकाची पदवी असणाऱ्या व्यक्तीवर. अशा घटना विरळा आहेत, हे खरेच. पण गावात बसून दुखणे लपवणाऱ्या माणसाला कोणते दुखणे साधे आणि कोणते जिवावरचे, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केशरोपण कोणी करावे याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणीकृत आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ते करावे, केवळ कार्यशाळेला बसून वा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून शिकलेल्याने नव्हे, असे त्यांत सांगितले आहे. हे योग्यच झाले. पण डॉक्टर कसा असावा हे ठरल्यानंतरही, टेबलावरून उतरलेल्या माणसाचे पुढील तीन आठवडे कोणाच्या जबाबदारीचे, हा प्रश्न व्यवहारात मोकळाच राहतो. शस्त्रक्रियेचे पैसे आगाऊ घेतले जातात. नंतरच्या दूरध्वनीला मात्र कधी डॉक्टर, कधी व्यवस्थापक, कधी केवळ घंटा उत्तर देते.

मागणी फार मोठी नाही. दिलेली औषधे, त्यांचे प्रमाण आणि धोक्याची लक्षणे लिहिलेला मराठीतील एक कागद रोग्याच्या हाती द्यावा, त्यावर रात्रीही उचलला जाईल असा क्रमांक असावा, आणि गावाकडील डॉक्टरला उद्देशून एक पत्र असावे. जगभरच्या ग्राहकांना इस्तंबूलला विमानाने नेणाऱ्या या धंद्याला सटाणा-नामपूरच्या डॉक्टरला दोन ओळी लिहिणे जड जाऊ नये. रोग्यानेही खर्चाचा हिशेब करताना कामाबाहेरचे आठवडे त्यात धरावेत, आणि घरातल्या निदान एका माणसाला खरे सांगावे. बायकोला सांगितले तर उत्तम. उशा रचायला आणि तांब्याने पाणी ओतायला शेवटी तीच येणार असते, आणि तिला ते आधीच कळलेले असते, ही गोष्ट निराळी.

चौथ्या महिन्याच्या सुमारास नवे केस दिसू लागतात, प्रथम बारीक, विरळ आणि किंचित वाकडे. पुरते दाट व्हायला वर्ष लागते. पण गावात ते सर्वांआधी दिसतात केशकर्तनालयातल्या कारागिराला. मागच्या बाजूचे पांढरे ठिपके त्याने कंगवा फिरवताना केव्हाच पाहिलेले असतात. तो काही विचारत नाही. मशीनऐवजी कात्री घेतो आणि मागचे केस नेहमीपेक्षा बोटभर लांब ठेवतो.