खुंटीवरचे जॅकेट जीव वाचवत नाही



मृग लागण्याआधी घरच्या धानाची उगवण तपासून घ्या, असे आम्ही कृषी खात्याचे लोक दरवर्षी गावोगाव सांगत फिरतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते पाहायचे. ऐंशी उगवले नाहीत तर ते बियाणे वापरायचे नाही. दिसायला टपोरे दाणे उगवतीलच असे नाही, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण नदीकाठच्या गावांत अशीच आणखी एक वस्तू आहे. दिसायला ती चांगली असते, म्हणून तिची तपासणी कोणी करत नाही. ती वस्तू म्हणजे डोंग्यातले लाइफ जॅकेट.

कृषीवाल्याने जॅकेटवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या दोन जिल्ह्यांत शेती आणि डोंगा वेगळे नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वैनगंगा वाहते. घर या काठाला आणि वावर किंवा मजुरी त्या काठाला, अशी कितीतरी कुटुंबे आहेत. खाली प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण आहे, इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. रोवणी, कापणी, मिरचीची तोडणी, बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी पाणी ओलांडावे लागते.

२३ जानेवारी २०२४ चा दिवस आठवा. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला डोंग्यात बसून वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणी बुडाल्या. तेव्हा पूर नव्हता, पावसाळाही नव्हता. त्याच्या पाचच दिवस आधी गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे अनेक मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी धरणात बोट उलटून सहा जण गेले. अशी घटना घडली की चार दिवस जॅकेटची चर्चा होते, खरेदी होते, फोटो निघतात. पुढे त्या जॅकेटांचे काय होते, ते कोणी विचारत नाही.

ते मी एका गावात पाहिले. नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही. खताचा साठा पाहायला गोदामात गेलो होतो. कोपऱ्यात एका बोऱ्यात नारिंगी जॅकेटे कोंबलेली होती आणि त्यावर धानाची पोती रचलेली. एक बाहेर काढले तर पट्टे उंदरांनी कुरतडलेले, आतला फोम दबून पापडासारखा झालेला. दोन जॅकेटे हवेने फुगणारी होती. त्यांच्या गॅसच्या नळकांड्यांना आधीच भोक पडलेले होते, म्हणजे कधीतरी ती वापरली गेली होती आणि नवे नळकांडे कोणी बसवलेच नव्हते. दप्तरात मात्र सगळी जॅकेटे ‘सुस्थितीत’ होती. पूर आला असता तर कोणीतरी विश्वासाने तीच अंगात घालून पाण्यात उतरला असता. माझे म्हणणे एवढेच आहे की न तपासलेले जॅकेट हे जॅकेट नसण्यापेक्षा वाईट. जॅकेट नसेल तर माणूस निदान जपून राहतो. खराब जॅकेट त्याला खोटी हिंमत देते.

आता प्रकार समजून घेऊ. एक फोमचे आणि दुसरे फुगणारे. पाण्यात पडलेल्या मोठ्या माणसाचे तोंड वर राहायला साधारण तीन ते पाच किलोचा उचल लागतो. जॅकेटवर हा उचल ‘न्यूटन’ या मापात लिहिलेला असतो. १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आहे. पोहता न येणाऱ्याला निदान १०० न्यूटनचे हवे. लहान मुलांचे जॅकेट वजनाप्रमाणे मिळते. मोठ्याचे जॅकेट मुलाला घातले तर मूल खालून निसटते.

फोमचे जॅकेट तपासणे सोपे आहे. फोम दाबून सोडा, तो परत वर आला पाहिजे. शिवण, बक्कल आणि पट्टे जोर लावून ओढून पाहा. उन्हाने विटलेले कापड नखाने ओरबाडले की फाटते. मग एकाने जॅकेट घालून पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्याला धरून ते वर उचलावे. कानापर्यंत वर आले तर पट्टा सैल आहे किंवा माप चुकले आहे. शेवटी गावातल्या पोहणाऱ्याने ते घालून तलावात छातीभर पाण्यात पाय उचलावेत. हनुवटी पाण्याच्या वर राहिली तर जॅकेट पास.

फुगणाऱ्या जॅकेटला जास्त काळजी लागते. त्यात हवेची पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडचे छोटे नळकांडे असते. दोरी ओढली की सुई नळकांड्याला भोक पाडते आणि पिशवी फुगते. काहींत पाण्याने विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की यंत्र आपोआप सुटते. तपासताना आधी नळकांडे फिरवून काढा. त्याच्या तोंडाला भोक नको, अंगावर गंज नको. त्यावर वजन कोरलेले असते. सोनाराच्या काट्यावर तोलून पाहा, कोरलेल्यापेक्षा कमी भरले तर गॅस गळला आहे, ते बदला. १५० न्यूटनच्या जॅकेटात बहुधा ३३ ग्रॅम गॅस असतो. एवढ्याशा गॅसवर माणसाचा जीव तोललेला असतो. एकदा वापरलेले नळकांडे पुन्हा चालत नाही. गोळीवरची मुदतही वाचा.

नळकांडे बाजूला ठेवूनच तोंडाने नळीतून हवा भरा आणि जॅकेट रात्रभर घरात ठेवा. सकाळी पिशवी लुळी पडली असेल तर ते जॅकेट बाद. सायकलच्या पंक्चरसारखे ठिगळ लावू नका. हवा पूर्ण काढा, नळकांडे हाताने घट्ट बसवा, पान्हा लावू नका. वापरता वापरता ते ढिले होते, म्हणून दर वेळी घालण्याआधी एकदा फिरवून पाहावे. ओढायची दोरी बाहेर लोंबती ठेवून माहितीपत्रकातल्या चित्राप्रमाणे घडी घाला.

दोन्ही जॅकेटे गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. फवारणीच्या औषधाजवळ किंवा रॉकेल-पेट्रोलजवळ ठेवू नका. त्यांची उशी किंवा बसायची गादी करू नका.

माझे स्पष्ट मत आहे की आपल्या डोंग्यातल्या प्रवाशांसाठी फोमचेच जॅकेट बरे. फुगणारे हलके असते, उकडत नाही, हे खरे. पण आपल्याकडे डोंग्यात काटेरी सरपण येते, विळे-कोयते येतात. पावसाळी दमट हवेत गोळी आपोआप विरघळण्याचा धोका असतो, आणि नवे नळकांडे गावच्या दुकानात मिळत नाही. घाबरलेल्या बाईला ऐन वेळी दोरी ओढायची आठवण राहील, हे गृहीत धरता येत नाही. फुगणारे जॅकेट शिकलेल्या बचाव पथकाला द्यावे, आणि सांभाळायची तयारी असेल तरच.

आता जबाबदारीचे बोलू. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. केंद्राच्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नावांचीही नोंद स्थानिक पातळीवर, ग्रामपंचायतीपर्यंत, करण्याची तरतूद आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी डोंग्यांच्या त्या यादीतच जॅकेटांचा रकाना वाढवावा. प्रत्येक जॅकेटवर रंगाने क्रमांक टाकावा. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर मिरचीच्या हंगामाआधी, पोलीस पाटील, नावाडी आणि बचत गटाच्या दोन बाया यांच्यासमोर तपासणी व्हावी. बायांना मुद्दाम म्हणतो, कारण डोंग्यात त्याच जास्त बसतात. बाद जॅकेट तिथल्या तिथे कापून टाकावे, नाहीतर ते फिरून डोंग्यात येते.

नावाडी म्हणतो, “साहेब, आमचा जलम पाण्यातच गेला, मले कायले पायजे जाकीट?” त्याला एवढेच सांगावे, की दादा, तुला पोहता येते, पण तुझ्या गळ्यात चार जणींचे हात पडले तर तू कसा पोहशील? मजूर नेणाऱ्या शेतमालकानेही हे आपले काम समजावे. मजुरी ठरवताना जाण्या-येण्याचा खर्च ठरतो, तसा प्रत्येकीच्या जॅकेटाचाही ठरावा.

जॅकेट म्हणजे पूल नव्हे, हे मलाही कळते. पुलाची मागणी सोडायची नाही. डोंग्यात माणसे कोंबली तर जॅकेट असून धोका आहेच. पण पूल होईपर्यंत बाया रोज पहाटे पाण्यावर बसणारच आहेत, कारण मिरची थांबत नाही आणि पोटही थांबत नाही.

तेव्हा यंदा बियाण्याचे शंभर दाणे गोणपाटात बांधाल, त्याच दिवशी खुंटीवरचे जॅकेटही खाली उतरवा. बियाणे फसले तर दुबार पेरणी करता येते. माणसाची दुबार पेरणी नसते.