गाडीचा इन्शुरन्स महाग नाही, चुकीच्या जागी केलेली बचत महाग पडते



डिलिव्हरीसाठी स्वतःची गाडी घ्यावी का, यावर मागच्या आठवड्यात व्हिडिओ केला. त्यात हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा पगार सगळं आलं, पण इन्शुरन्सवर मी दोनच मिनिटं बोलले. खरं सांगायचं तर नवीन व्यावसायिक सगळ्यात जास्त चुकतो तो तिथेच. म्हणून आज फक्त त्यावर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. २०१८ मध्ये आम्ही दुकानासाठी सेकंडहँड छोटा हत्ती घेतला. सांगलीतलं आमचं प्लास्टिक आणि घरगुती वस्तूंचं दुकान, आजूबाजूच्या गावांतल्या दुकानदारांना माल पोचवायचा. पुढच्या वर्षी पॉलिसी संपत आली तेव्हा एजंट म्हणाला, "वहिनी, जुनी गाडी, जवळच्या जवळ फिरणार. फुल कशाला काढताय? थर्ड पार्टी टाका, सहा हजार वाचतील." मी बीबीए झालेली, इन्शुरन्सचा धडा परीक्षेत लिहून आलेली. तरी सहा हजार ऐकले आणि खूश झाले.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवण्यात रात्र गेली आणि गाडी मागच्या गल्लीतच राहिली. डॅशबोर्डपर्यंत पाणी. इंजिन, वायरिंग, सीट सगळं मिळून ८५ हजारांच्या घरात बिल आलं, आणि दीड महिना भाड्याचा टेम्पो लावावा लागला तो वेगळाच. थर्ड पार्टी पॉलिसीतून एक रुपया आला नाही. येणारच नव्हता. ती पॉलिसी आपल्या गाडीसाठी नसतेच, हे मला ठाऊक होतं. फक्त ते मी मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इन्शुरन्समध्ये बचत जरूर करा, पण कुठे करायची आणि कुठे नाही हे आधी समजून घ्या.

पैसे नेमके कशाचे जातात?

तुमच्या प्रीमियमचे दोन मोठे भाग असतात.

पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे. विमा नसताना पकडलात तर पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांकडे तो सारखाच असतो. इथे एजंटशी घासाघीस करून काही उपयोग नाही.

१ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाच्या, भाड्याने माल वाहणाऱ्या चारचाकी गाडीला १६,०४९ रुपये. म्हणजे छोटा हत्ती असो, मोठा पिकअप असो की ४०७, थर्ड पार्टीचा आकडा एकच! मालवाहू तीनचाकीला मात्र ४,४९२ रुपये. (नवे दर कधीही जाहीर होऊ शकतात, रिन्यूअलच्या वेळी चालू आकडा बघून घ्या.)

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे ओडी. आपल्या गाडीचा अपघात, चोरी, आग, पूर. याचा दर कंपनी ठरवते. गाडीची विमा किंमत म्हणजे आयडीव्ही, गाडीचं वय, नोंदणी कुठली आहे, यावर आकडा बदलतो. डिस्काउंट, तुलना, घासाघीस जे काही करायचं ते इथे.

एक साधा हिशोब मांडू. थर्ड पार्टी १६,०४९, त्यावर ५ टक्के जीएसटी ८०२. (मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला.) ओडी समजा ७,००० आला, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०. एकूण झाले २५,१११. मालकाचा अपघात विमा वेगळा. वर्षाला ३०० दिवस गाडी चालली तर दिवसाला साधारण ८५ रुपये. रोज आठ ठिकाणी माल दिलात तर एका डिलिव्हरीमागे दहा-अकरा रुपये. हे दहा रुपये तुमच्या भावात धरलेले आहेत का? माझ्या बॅचमध्ये हा प्रश्न विचारला की दहातले आठ जण गप्प बसतात.

इथे वाचवा

१. गाडी घेण्याआधी वाचवा. सगळ्यात मोठी बचत गाडी निवडतानाच होते. तुमचा रोजचा माल चार-पाचशे किलो असेल आणि फिरणं गावातच असेल, तर तीनचाकी चालते का बघा. फक्त थर्ड पार्टीत वर्षाला साडेअकरा हजारांचा फरक आहे. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टीत १५ टक्के सूट आहे. त्याच चारचाकीचे १६,०४९ चे १३,६४२ होतात. आणि आठवड्यातून दोनच फेऱ्या असतील तर गाडी घेऊच नका. भाड्याचा टेम्पो लावा.

२. फक्त स्वतःचाच माल वाहत असाल तर तसं विचारा. दरपत्रकात 'पब्लिक कॅरिअर' आणि 'प्रायव्हेट कॅरिअर' असे दोन प्रकार आहेत. फक्त मालकाचा स्वतःचा माल वाहणाऱ्या, साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकीला ८,५१० रुपये दर आहे, म्हणजे जवळपास निम्मा. एजंट बहुतेक वेळा हे स्वतःहून सांगत नाही. आरसीवर आणि कागदांवर नोंद कशी आहे ते दाखवून कंपनीला लेखी विचारा. पण हा दर घेतलात तर येताना 'रिकामी चाललीय ना, शेजाऱ्याचा माल घेऊन येऊ, दोन हजार सुटतील' हे बंद! ते भाडं झालं, आणि क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येईल.

३. नो क्लेम बोनस जपा. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की ओडीवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की हा बोनस जातो. आता समजा तुमचा मूळ ओडी ९,००० आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस चालू आहे. गाडी घासली, खर्च ५,०००. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी मिळणारी ४५ टक्के सूट शून्य होते, म्हणजे ४,०५० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच, आणखी २,७०० गेले. दोन वर्षांत ६,७५० घालवून ५,००० चा क्लेम, तोही घसारा कापून मिळणार. किरकोळ काम खिशातून करा, मोठ्या कामासाठी पॉलिसी ठेवा.

४. जीएसटी परत घ्या. मालवाहू गाडीच्या इन्शुरन्सवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये असाल आणि करपात्र माल विकत असाल तर पॉलिसीवर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. वरच्या उदाहरणात २,०६२ रुपये सुटतात. कंपोझिशनवाल्यांना हे मिळत नाही.

५. मालकाचा अपघात विमा दोनदा भरू नका. १५ लाखांचं हे कव्हर एका मालकाला एकदाच पुरतं. तुमच्या दुसऱ्या गाडीवर ते आधीच असेल तर तो कागद दाखवा.

६. तीन ठिकाणी भाव काढा. फक्त आयडीव्ही तिन्हीकडे सारखा ठेवा. नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी म्हणजे नुसता कमी आयडीव्ही असतो.

इथे वाचवू नका

पहिली चूक, पांढऱ्या पाटीची गाडी. घरच्या वापरासाठी घेतलेली व्हॅन, मागची सीट काढली आणि माल भरला. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी ३,४१६ रुपये आहे, म्हणून मोह होतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने केटरिंगसाठी असंच केलं. गाडी डिव्हायडरला धडकली, डिक्कीत पातेली आणि डिलिव्हरी चलन सापडलं. सर्व्हेअरने फोटो काढले आणि क्लेम नामंजूर झाला. वर्षाला साडेबारा हजार वाचवताना त्याचे सव्वा लाख गेले. कंपनीवर तो फार चिडला होता. मी त्याला म्हटलं, पॉलिसीवर 'वापराची मर्यादा' अशी ओळ छापलेली असते, ती तू वाचली होतीस का?

दुसरी चूक, आयडीव्ही पाडून घेणं. प्रीमियम हजारभर कमी होतो. पण गाडी चोरीला गेली तर हातात येतात तेवढेच पैसे, आणि बँकेचा हप्ता त्याहून जास्त बाकी असेल तर गाडी नाही आणि कर्ज आहे अशी अवस्था.

तिसरी चूक, 'आयएमटी २३' न घेणं. हे नाव लिहून ठेवा. मालवाहू गाडीच्या साध्या फुल पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटचे बाजूचे भाग आणि रंगकाम धरलेलं नसतं. गाडी पूर्ण गेली तरच त्याचे पैसे मिळतात. आता मला सांगा, टेम्पोचा अपघात झाला की पहिलं काय फुटतं? बंपर आणि दिवेच ना! ओडीवर साधारण १५ टक्के जास्त देऊन हे कव्हर मिळतं.

चौथी चूक, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० वर आणणं. त्यासाठी मिळणारी सूट अगदी किरकोळ असते. एखाद्या महागड्या कारला मागून ठोकलीत तर ६,००० मध्ये तिचा एक दिवाही येत नाही.

पाचवी, ड्रायव्हरच्या जबाबदारीचं कव्हर. त्याचे माणशी ५० रुपये आहेत. हेसुद्धा वाचवणारे लोक मी पाहिलेत. जो माणूस दिवसभर आपली गाडी ओढतो त्याच्यासाठी ५० रुपये जड होत असतील तर धंद्याचा पुन्हा विचार करा.

आणि कागद. लायसन्स चालू हवं, फिटनेस चालू हवा. नवीन मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. त्यामुळे त्याची भीती नको, पण लायसन्सची तारीख संपलेली चालणार नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही, तो लपवून घेतलात तर क्लेमच्या वेळी उघडं पडतं.

पूरपट्ट्यातल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. फुल पॉलिसीत पूर धरलेला असतो, पण पाण्यात उभी असलेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिन गेलं तर तो खर्च साध्या पॉलिसीत मिळणं कठीण. चावी लावू नका. कंपनीला फोन करा, गाडी ओढून न्या.

माझी एक तक्रार

खासगी गाडीवाल्यांसाठी २०२२ पासून ओडीमध्ये 'जितकी चालवाल तितकं भरा' असा पर्याय आला. आपल्यासारख्या दुकानदाराची गाडी दिवसाला ३० किलोमीटर फिरते आणि एखादी गाडी रोज सांगली-मुंबई करते. रस्त्यावर दोघांचा धोका सारखा आहे का? पण थर्ड पार्टीचे १६,०४९ दोघांनाही सारखेच. छोट्या व्यापाऱ्याच्या कमी फिरणाऱ्या गाडीसाठी वेगळा दर असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. व्यापारी संघटनांनी जीएसटीवर जितका आवाज उठवला तितका यावरही उठवावा.

तोपर्यंत आहे त्या नियमात शहाणपणाने वागायचं. मी स्वतः आता एकच करते. गल्ल्याशेजारी एक डबा ठेवलाय, गाडी बाहेर पडली की त्यात ८५ रुपये. रिन्यूअलच्या महिन्यात मला कुणाकडे हात पसरावा लागत नाही, आणि एजंट 'वहिनी, सहा हजार वाचतील' म्हणाला तरी मोह होत नाही. कारण पैसे डब्यात तयार असतात.

चुकीचा निर्णय आपण बहुतेक वेळा हातात पैसे नसतात म्हणूनच घेतो. २०१९ मध्ये माझंही तेच झालं होतं.

आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमची पॉलिसी काढा आणि चार गोष्टी बघा: आयडीव्ही किती, बोनस किती टक्के, आयएमटी २३ आहे का, आणि गाडीचा वापर काय लिहिलाय. पाच मिनिटांचं काम आहे. उद्यावर टाकू नका.