उंदरांच्या नावाने भीती विकू नका

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत बैठक बसली ती गॅलऱ्यांसमोरून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या तारेवर. तिथे एक विक्रेता कागद फडकवत उभा राहिला. "इटलीत उंदरांना कॅन्सर झाला!" मग पिशवीतून रेडिएशन अडवणारे स्टिकर निघाले, दीड हजाराला एक. बारा घरांनी पैसे मोजले. यात पोटाला चिमटा काढून जगणारी घरं होती. ही सरळ लूट आहे.

तो कागद मी घरी आणून शेवटपर्यंत वाचला. बोलोन्याच्या रामाझिनी संस्थेचा, २०१६चा. उंदीर आईच्या पोटात असल्यापासून मरेपर्यंत ५० हर्ट्झच्या, म्हणजे आपल्याच विजेच्या, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले. गाठी वाढल्या, खरं आहे. पण सहा आठवड्यांचे असताना त्यांना गॅमा किरणांचा डोसही दिला होता, आणि हे शीर्षकातच छापलंय! त्याच संस्थेने २०१८ मध्ये नुसत्या चुंबकीय क्षेत्राचा निकाल दिला: गाठी वाढल्या नाहीत. तो कागद पिशवीत नव्हता.

अमेरिकेत १९९९ मध्येच दोन वर्षांच्या चाचण्यांचे निकाल आले होते. रोज साडेअठरा तास, क्षेत्राचा जोर १००० मायक्रोटेस्लापर्यंत. नर उंदरांत थायरॉइडच्या काही गाठी जास्त दिसल्या, पण चढत्या मात्रेबरोबर त्या चढल्या नाहीत; निष्कर्ष संदिग्ध राहिला. हॅनोव्हरला गाठी आणणारं रसायन पाजलेल्या माद्यांत या क्षेत्रात स्तनाच्या गाठी वाढल्या. अमेरिकेत तसाच प्रयोग केला तर नाही. हजारो मुके जीव यात गेले. त्यांच्या मरणातून जे कळलं त्यातलं अर्धंच सांगणं हा त्यांचाही अपमान आहे.

आणि "काही सिद्ध नाही" म्हणत तारांबद्दलचे अर्ज बाजूला सारणाऱ्या वीज कंपनीतल्या साहेबांनीही ऐकावं. ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. कारण तेच आहे, असं ठरलेलं नाही. पण शंका जिवंत आहे, आणि तिचं उत्तर मोजमापाने द्यायचं असतं.

मी मीटर मागून आणला. गॅलरीतला आकडा स्टिकर लावण्याआधी जेवढा, तेवढाच नंतर. मिक्सरला टेकवला तर कितीतरी पट वर गेला. दोन हात मागे सरकलो तसा खाली आला.

पण मीटर धरून उभा असताना पोटात गोळा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. शेजारची वाढवलेली गॅलरी तारेपासून हातभर अंतरावर आहे. कठड्यावर लोखंडी कपड्यांची दांडी. संक्रांतीला तिथूनच पोरं पतंग काढतात. त्या तारेला कॅन्सर व्हायची वाट बघावी लागत नाही, एक झटका पुरतो.

तार हलवण्याचा अर्ज मी लिहिला आणि घरोघर फिरलो. अर्ज गेला की मोजणी होणार, वाढवलेल्या गॅलऱ्या उघड्या पडणार, हे सगळ्यांना ठाऊक. स्टिकर घेतलेल्या बारा घरांपैकी दोघांनीच सही केली.