तिशीच्या आतला रक्तदाब कोण मोजणार?

पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी वर्षभर पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या तरुणाची धाव, उंची, छाती असे सारे काही निकषात बसते आणि वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर गाडी अडते. दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यातली हवा सुटते, यंत्रावर १५० च्या पुढचा आकडा उमटतो आणि 'मला कधी काही त्रासच झाला नाही' हे एकच वाक्य त्या तरुणाच्या तोंडून निघते. ते खरेही असते. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही आणि त्याची खरी भीती यातच आहे.

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात पंचविशीच्या आतल्या माणसाचा रक्तदाब मोजला जाण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. भरती हा एक. रक्तदान शिबीर दुसरा. विम्याची तपासणी तिसरा आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण हा चौथा. या चारपैकी एकाही दारातून जो गेला नाही, त्याचा रक्तदाब किती हे त्यालाही ठाऊक नसते आणि आरोग्य खात्यालाही.

हा दोष कोणा परिचारिकेचा किंवा आशा कार्यकर्तीचा नाही. तो आखणीचा आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढे त्यात घरोघरच्या तपासणीची जोड मिळाली; मात्र तिची वयोमर्यादा तीस वर्षे आणि त्यापुढे अशी ठरली. आशा कार्यकर्ती दारात येऊन जो अर्ज भरते, तो तिशी ओलांडलेल्यांचा. केंद्राने २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात राबवलेली विशेष तपासणी मोहीमही तिशीपुढच्यांसाठीच होती. मनुष्यबळ तोकडे असताना जिथे रुग्ण अधिक सापडतील तिथे आधी शोधावे, हा यामागचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परंतु या हिशेबामुळे अठरा ते एकोणतीस हा वयोगट व्यवस्थेच्या नजरेआड राहतो आणि तिशीत जेव्हा पहिली तपासणी होते तेव्हा कित्येकांच्या रक्तवाहिन्यांनी काही वर्षांचा अतिरिक्त दाब आधीच सोसलेला असतो.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना राष्ट्रीय पाहण्यांतून येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आहे अथवा त्यासाठी ते औषध घेतात. त्याहून बोलके आकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीचे आहेत. अठरा ते एकोणसत्तर वयोगटातील २८.५ टक्के लोकांचा रक्तदाब जास्त आढळला, त्यांपैकी २७.९ टक्क्यांनाच ते माहीत होते, १४.५ टक्के उपचार घेत होते आणि रक्तदाब आटोक्यात होता तो अवघ्या १२.६ टक्क्यांचा. म्हणजे शंभर रुग्णांपैकी बहात्तर जणांना आपण रुग्ण आहोत याचा पत्ताच नाही. तरुणांत ही जाणीव आणखी कमी असते, हे जगभरच्या पाहण्यांत सातत्याने दिसले आहे.

तरुणपणीच्या रक्तदाबाला एक वेगळी बाजू आहे. साठीतल्या माणसाचा रक्तदाब वाढला तर त्यामागे बहुधा एक असे कारण दाखवता येत नाही. विशी-पंचविशीत मात्र ते शोधावे लागते. मूत्रपिंडाचा जुना विकार, मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अरुंद होणे, महाधमनीचा जन्मजात अरुंदपणा, थायरॉइड वा अधिवृक्क ग्रंथींचा बिघाड यांपैकी काही निघाले तर उपचाराची दिशाच बदलते आणि काही रुग्ण औषधाच्या जन्मभराच्या बंधनातून सुटूही शकतात. या शोधासाठी आरंभी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लघवीची तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन व पोटॅशियम, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजणे आणि पायाची नाडी हातांच्या नाडीशी ताडून पाहणे एवढ्याने बरीच वाट सापडते. बहुसंख्य तरुणांत असे वेगळे कारण निघत नाही, हेही खरे. पण न शोधताच गोळी लिहून देणे हा या वयात अपुरा उपचार ठरतो.

याउलट, एका आकड्यावरून कोणाला जन्माचा रोगी ठरवणेही तितकेच चूक. जिना चढून धापा टाकत आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या किंवा तंबाखूचा बार भरलेल्या माणसाचा रक्तदाब त्या क्षणी वर जातोच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको; पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसावे; दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर आधारलेला असावा; पट्टा दंडाच्या मापाचा असावा. लहान पट्टा जाड दंडावर खोटा जास्त आकडा दाखवतो आणि व्यायामशाळेत दंड कमावलेल्या मुलांच्या वाट्याला ही चूक हमखास येते. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यापुढे आकडा येत राहिला तरच उच्च रक्तदाबाचे निदान होते. डॉक्टर समोर दिसताच ज्यांचा दाब वाढतो, त्यांनी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी काढावी. तेथे सीमारेषा १३५/८५ ही मानतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे स्वस्थ बसायला बाक मिळणे हेच कठीण, ही गोष्ट निराळी.

औषध सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की हा तरुण आणखी काय काय घेतो? अंगदुखीच्या गोळ्या सतत घेतल्याने रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांवर ताण येतो. सर्दीत नाक मोकळे करणारी काही औषधे, शरीर कमावण्यासाठी चोरून घेतलेली स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या आणि उत्तेजक पेयांचे डबे या साऱ्यांचा हिशेब मांडावा लागतो. घशासाठी गुणकारी म्हणून रोज चघळले जाणारे ज्येष्ठमधही जास्त प्रमाणात पोटॅशियम घटवून रक्तदाब वाढवते, हे फार थोड्यांना माहीत असते. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा आपला लाडका गैरसमज आहे.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची. भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅम खातो. नगरी ताटातले लोणचे, पापड, ठेचा आणि संध्याकाळची शेव-फरसाण यांतून मीठ न सांगता पोटात जाते; त्यामुळे भाजीत चिमूटभर कमी घालून फारसा फरक पडत नाही. सोडियम कमी आणि पोटॅशियम अधिक असलेले मीठ वापरावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये दिला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र ते घातक ठरू शकते. वजन एक किलोने उतरले की दाब साधारण एका अंकाने उतरतो, असा ढोबळ अनुभव आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे, तंबाखू-मिश्री बंद करणे, दारूला आवर आणि पुरेशी झोप हे सारे सर्वांना पाठ आहे. पण नागापूर किंवा सुपे येथील औद्योगिक वसाहतीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराने पुरेशी झोप आणायची कोठून, याचे उत्तर कोणत्याही पत्रकात नसते.

निदान झाल्यावरची अडचण औषधाच्या किमतीची नाही. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य देण्याची तरतूद आहे आणि बाहेरही त्या महाग नाहीत. अडचण आहे ती गोळी रोज, न चुकता आणि वर्षानुवर्षे घेण्याची. त्रास नसताना औषध घ्यायचे, हे विशीतल्या मनाला पटत नाही. महिनाभराने आकडा खाली आला की 'बरे झालो' म्हणून पाकीट बाजूला पडते. वास्तविक तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. शिवाय लग्नाचा प्रश्न. स्थळ पाहण्याच्या वयात घरात रक्तदाबाची गोळी दिसू नये याची काळजी आधी आई-वडीलच घेतात, आणि मुलगी असेल तर अधिकच. लपवलेली गोळी चुकतेच. त्यात दुसरा धोका असा, की टेल्मिसार्टन व त्या जातीची औषधे गर्भाला अपायकारक आहेत. लग्नानंतर ती तशीच चालू राहिली वा भीतीने एकाएकी बंद केली, तर दोन्ही प्रकारे हानी होते. मूल होऊ देण्याचा विचार होताच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेता येते. पण त्यासाठी आजार उघड बोलता आला पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत व्यवस्था एकदा दार उघडते आणि लगेच लावूनही घेते. गरोदरपणात प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जातो, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणी होते. पण ज्या मातेचा दाब या काळात वाढला होता, तिला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो. प्रसूतीनंतर मात्र आरोग्य केंद्राचे लक्ष बाळाच्या लसीकरणाकडे वळते. बाविसाव्या वर्षी जिची नोंद झाली, तिचा दाब पुन्हा मोजण्याची सक्ती तिशीपर्यंत कोणावरच नाही.

मग करता काय येईल? याचे एक उत्तर राज्यातच सापडते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ अखेर पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे निवडले गेले. नगर त्यात नव्हता. या उपक्रमाने नवे औषध शोधले नाही. कोणत्या आकड्याला कोणती गोळी, किती मात्रा, हे एका कागदावर ठरवले. औषधाचा साठा तुटू दिला नाही. प्रत्येक रुग्णाची नोंद मोबाइलवर ठेवली आणि जो महिनाभरात आला नाही त्याला फोन केला. या साध्या शिस्तीची दखल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने घेतली गेली.

दुसरे उत्तर तर जिल्ह्याच्याच दक्षिण टोकाला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. त्यांनी बहुतांशी निरक्षर, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका केले. नाडी, वजन, बाळंतपण, कुष्ठरोग हे सारे त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशात आशा कार्यकर्तीची योजना आली ती त्यानंतर पाव शतकाने. गावातलीच बाई उंबऱ्यावर बसून विचारते तेव्हा लपवलेली गोळी बाहेर येते, हा जामखेडचा धडा आहे. सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा जिल्हा केवळ रुग्णालयांच्या इमारतींवर सांभाळता येणार नाही, हे त्या दोघांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते.

वयाची तीस ही रेघ अभेद्य आहे असेही नाही. राज्य शासनाने ती दोनदा ओलांडली. सप्टेंबर २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' या मोहिमेत अठरा वर्षांवरील स्त्रियांची आणि सप्टेंबर २०२३ पासून 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' या मोहिमेत अठरा वर्षांवरील पुरुषांची तपासणी झाली. मोहीम संपते, रक्तदाब संपत नाही. तेथे सापडलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाचे नाव नंतर कोणत्या नोंदवहीत जाणार आणि त्याला फोन कोण करणार, याची सोय कायमच्या कार्यक्रमातच हवी. प्राथमिक केंद्रात ताप, खोकला, जखम अशा कोणत्याही कारणाने येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा दाब मोजायचा, एवढा नियम पाळला तरी मोठा वर्ग टप्प्यात येईल. त्यासाठी लागणारे यंत्र केंद्राच्या टेबलावर आहेच.

राहता राहिला ऊसतोडीचा हंगाम. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन निघतात, ते थेट उन्हाळ्यात परततात. एका 'कोयत्या'त नवरा-बायको दोघे, बहुधा विशी-तिशीतले; पहाटेपासून उन्हात तोडणी, पाणी कमी, अंगदुखीवर गोळी ठरलेली. आरोग्य केंद्रातून एका वेळी साधारण महिन्याभराचे औषध मिळते, फड मात्र पाच महिन्यांचा. गाव सुटताना तीन महिन्यांचे औषध हाती देणे, त्याच कार्डावर कारखान्याजवळच्या केंद्रात पुढचे मिळणे आणि कारखाना सुरू होताच कोपीवर एकदा तरी तपासणी होणे, या तीन गोष्टी जिल्हा परिषद आणि साखर कारखाने मिळून ठरवू शकतात. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ ज्या प्रवरानगरात रोवली गेली तो हाच जिल्हा आणि ऊस तोडायला बाहेर जाणाऱ्यांचाही हाच. गाळपाचे नियोजन पावसाळ्यातच सुरू होते. टोळ्यांच्या याद्याही तेव्हाच तयार असतात.