वर्ग कुत्र्याचा, धडा मालकाचा

सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. पुढे पट्टा ताणून धावणारा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड, मागे त्याच्या ओढीने फरफटत निघालेले मालक आणि समोरून येणाऱ्याला उद्देशून त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘घाबरू नका, काही करत नाही तो.’ समोरचा घाबरतोच. कारण कुत्रा पुढच्या क्षणी काय करील हे मालकालाही माहीत नाही, हे त्याला दिसत असतं.

गेलं वर्षभर कुत्र्यांबद्दल आपण पुष्कळ बोललो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ मधल्या आदेशांपासून चौकाचौकात भटक्या कुत्र्यांचा वाद रंगला. त्या वादात पाळीव कुत्र्याचा मालक मात्र नामानिराळा राहिला. हजारो रुपये मोजून पिल्लू आणायचं, त्याचं खाणं, शाम्पू, गळ्यातला पट्टा यांवर खर्च करायचा आणि शिकवण्याचा विषय निघाला की ‘कुत्र्याला कसली आली शाळा?’ असं म्हणून हसायचं, ही आपल्याकडची रीत. पुण्या-मुंबईत श्वानप्रशिक्षणाचे वर्ग आता नवलाईचे राहिलेले नाहीत. पण तिथेही अनेकांची समजूत अशी, की कुत्रा प्रशिक्षकाच्या हवाली केला, की महिन्याभराने तो शहाणा होऊन परत येतो.

तसं होत नाही. वर्ग असतो आठवड्यातून तासभर, उरलेला सगळा वेळ कुत्रा घरात असतो आणि घरचे जे वागतात ते शिकत असतो. पुण्याला राज्य पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकं शोधून देणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर तिथलाच. अशा केंद्रात कुत्र्याबरोबर त्याचा हस्तकही शिकत असतो आणि त्या जोडीतला माणूस सहसा बदलत नाहीत. पोलीस खात्याला जे कळलेलं आहे, ते घरच्या मालकाला कळायला हरकत नसावी.

कुत्रा शिकतो कसा, हे गूढ नाही. ज्या कृतीनंतर चांगलं काही मिळतं ती कृती तो पुन्हा करतो. बक्षीस मात्र लगेच, एक-दोन सेकंदांत मिळायला हवं. उशीर झाला, की मधेच केलेल्या दुसऱ्या कशाचं तरी ते बक्षीस आहे असं त्याला वाटतं. शिक्षेचंही तेच. गेटबाहेर पळालेला कुत्रा दहा हाका मारल्यावर परत येतो आणि मालक त्याला एक रट्टा देतो. मालकाच्या मते ही पळून जाण्याची शिक्षा. कुत्र्याच्या मते, हाकेला ओ देऊन जवळ आल्याची. पुढच्या वेळी तो आला नाही, तर दोष कुणाचा?

‘कुत्र्याला धाक हवा, नाहीतर तो डोक्यावर बसतो’ हे मत आपल्याकडे घट्ट रुजलेलं आहे. त्याला शास्त्राचा जो आधार दिला जातो तो मोठा गमतीचा आहे. स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवर लिहिलं. कळपात सतत वरचढपणाची लढाई चालते, अशी कल्पना त्यातून पसरली. अमेरिकेचे डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. त्याच मेक यांनी पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. संशोधकाने स्वतःची चूक दुरुस्त केली, आपण मात्र अजून कुत्र्याला ‘मालक कोण’ हे काठीने समजावत बसलो आहोत.

मारून शिकवल्याचं नुकसान मोजूनही झालेलं आहे. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्रे खाऊ देऊन शिकवणाऱ्या वर्गांतले होते, काही पट्ट्याला हिसके देणाऱ्या, ओरडणाऱ्या वर्गांतले. शिक्षेचा वापर जिथे जास्त, तिथल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक अधिक वाढलेलं आढळलं. दुसरी चाचणी आणखी बोलकी होती. एका बाजूच्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूचं रिकामं, हे आधी शिकवलं आणि मग भांडं मधोमध ठेवलं. मार खाऊन शिकलेले कुत्रे त्याच्याकडे रेंगाळत गेले, जणू काही मिळणारच नाही अशा अपेक्षेने.

याचा आपल्याशी थेट संबंध येतो तो गुरगुरण्याबाबत. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते, ‘जवळ येऊ नकोस.’ घरातले त्यावर ओरडतात, फटका देतात. थोड्या दिवसांत तो गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग एक दिवस तो सूचना न देता चावतो आणि सगळे म्हणतात, ‘अचानक काय झालं कोण जाणे!’

कोकणातल्या घरांत हे कधी घडतं, तेही पाहू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून कुत्रा पडवीच्या खांबाला बांधलेला. दिवसा सोडावा तर चिखल, रात्री सोडावा तर बिबट्याची भीती. तीन महिने त्याने साखळीच्या लांबीएवढंच जग पाहिलेलं असतं. आणि मग येतो गणपती. मुंबईचे चाकरमानी, त्यांची मुलं, आरत्या, फटाके, प्रसादाचा वास. अनोळखी मूल कौतुकाने जवळ जातं, नेमकं तो जेवत असताना. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा, घरातलाच असतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे किती पडव्यांना ठाऊक असेल? पावसाची उघडीप मिळेल तेव्हा वीस मिनिटं फिरवणं आणि पाहुण्यांच्या गर्दीत मागच्या शांत खोलीत ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळ टळतं.

शिकवण्याची उत्तम वेळ आपण बहुधा वाया घालवतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं : रिक्षाचा आवाज, छत्री, रेनकोट, लहान मुलं, टोपी घातलेला पोस्टमन. ‘लस पुरी होईपर्यंत बाहेर नको’ ही काळजी खरी आहे, पार्व्हो हा पिल्लांना मारणारा आजार आहे. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या लसीनंतर पशुवैद्यकाला विचारून पिल्लाला कडेवर घेऊन मारुती मंदिरापर्यंत एक फेरी मारून आणणं. जमिनीवर ठेवायचं नाही, फक्त दाखवायचं.

आता भाषेचं. घरात मराठी, शेजाऱ्यांशी मराठी, कुत्र्याशी मात्र इंग्रजी, हा प्रकार काही घरांत दिसतो. कुत्र्याला त्याचं सोयरसुतक नाही. ओळखीची आणि अनोळखी भाषा ऐकताना कुत्र्यांच्या मेंदूतला प्रतिसाद वेगळा असतो, हे बुडापेस्टच्या संशोधकांनी १८ कुत्र्यांवर २०२२ मध्ये दाखवलं आहे. म्हणजे घरातली भाषा तो ओळखतो. अडचण येते ती आजोबा ‘बस’, मुलगा ‘सिट’ आणि सून ‘खाली बस बघू’ म्हणते तेव्हा. एका कृतीला एकच शब्द, आणि तो सगळ्यांचा. तसं आपल्या भाषेने कुत्र्यासाठी खास असे शब्द दिले ते ‘यू यू’, ‘हाड’ आणि ‘छू’. बोलवायला, हाकलायला आणि अंगावर सोडायला! त्यात आता ‘थांब’ची भर घालायला हवी. उघड्या गेटाशी किंवा रस्त्यावर जीव वाचतो तो याच शब्दाने.

हे फक्त महागड्या जातींचं काम, असं समजण्याचं कारण नाही. कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कुठलंही शिक्षण न मिळालेले हे कुत्रेही माणसाने बोट दाखवलं, की त्या दिशेला जातात, असं त्यांना आढळलं. अनोळखी माणसावर त्यांचा विश्वास बसायला खाण्यापेक्षा कुरवाळणं अधिक उपयोगी पडलं. आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेला गावठी कुत्रा शिकायला कुणापेक्षा कमी नाही.

निष्काळजीपणाला कायदाही आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून संभवणाऱ्या धोक्याचा बंदोबस्त न करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण चावा घेतल्यानंतर कलमं काढून काय उपयोग? चावा घरच्या कुत्र्याचा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचं लक्ष्य देशाने ठेवलं आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला, लुई पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरण शिबिरं होतात. रत्नागिरी नगर परिषद आणि पशुसंवर्धन विभागाने शिबिराच्या रांगेतच अर्धा तास शिकवणीला द्यावा. एक पशुवैद्यक, एक अनुभवी हस्तक, चण्या-फुटाण्यांची पुडी आणि दोनच धडे : हाक मारली की येणं आणि सांगितलं की थांबणं. मोठा खर्च नाही, मंडप नको, पाहुणे नकोत. आणि नाव नोंदवायचं ते कुत्र्याचं नव्हे, घरात त्याला रोज खायला घालणाऱ्याचं.