उरणची खोली आणि माझा बयाणा

गेल्या वेळी मुलींच्या दहावीनंतरच्या शिक्षणावर लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच भगिनींचे फोन आले. त्याबद्दल पुन्हा लिहीनच. या महिन्यात मात्र घरातलीच एक गोष्ट सांगते. तिच्यात माझा स्वतःचाही हात अडकलेला आहे, म्हणून थोडं अवघड वाटतंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी उरणला जाऊन आले. माझी धाकटी बहीण तिथं अकरा वर्षांपासून राहते. मेहुणे आमच्याच पैठण तालुक्यातले, न्हावा-शेवा बंदरात ट्रेलर चालवतात. पाचोडहून औरंगाबाद, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे पनवेल आणि मग उरणची बस. सोबत मोसंबीची एक गोणी. ती दरवेळी न्यावीच लागते, नाहीतर भाचे दारातूनच विचारतात, "खाला, मोसंबी?"

यावेळी बहिणीने गोणी बाजूला ठेवली आणि पहिलंच वाक्य बोलली, "आपा, रमजान ईदच्या बाद खोली खाली करना पडता."

चाळीच्या मालकाने जागा बिल्डरला द्यायचं ठरवलंय. साडेसहा हजार भाड्याची, मोरीसह दीड खोली. तेवढ्याच जागेला आजूबाजूला नऊ-दहा हजार मागतात, शिवाय अनामत रक्कम. मोठा भाचा नववीत आहे. पुढच्या वर्षी त्याची दहावी.

उरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुंबईच्या समोर, समुद्रापलीकडचं हे गाव. पूर्वी मिठागरं, भातशेती आणि मासेमारी यांवर जगायचं. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, पण ओहोटीला गाळामुळे ती अडकते, म्हणून लोक भरतीची वेळ बघून घरातून निघतात. नंतर तेल आणि वायूचा मोठा प्रकल्प आला आणि १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. तेव्हापासून हे कंटेनरचं गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा, टायरवाले, चहाच्या टपऱ्या. मराठवाड्यातला, बिहारमधला, उत्तर प्रदेशातला माणूस इथं येऊन राहिला तो काही समुद्र बघायला नाही.

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरणला दोन गोष्टी मिळाल्या. शिवडीहून न्हावा-शेव्याला येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि लोकल गाडी खुद्द उरणपर्यंत आली. लोकलचा माझ्या बहिणीला खरोखर फायदा झाला. नेरुळला डॉक्टरकडे जायचं तर पूर्वी अर्धा दिवस मोडायचा. पुलाचं मात्र वेगळं आहे. त्यावर मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये, आणि दुचाकी व रिक्षाला बंदीच. मेहुण्यांकडे आहे ती मोटारसायकल. पूल त्यांच्या गावात आला, पण त्यांना तो फक्त बघायला मिळाला. भाडं मात्र त्या पुलामुळेच वाढलं. मालकाने तसं तोंडावर सांगितलं, "आता इथून मुंबई वीस मिनिटं."

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नवं शहर वसवायचं सरकारने ठरवलं होतंच. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. गावोगावच्या शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या, पण जाहिरातीच्या फलकांना हरकतींची वाट बघावी लागत नाही.

मग उरण श्रीमंतांचं गाव होणार का? मेहुणे हसले. म्हणाले, "आपा, रात्रभर ट्रेलरचा हॉर्न ऐकत कोण श्रीमंत झोपेल?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला वायूचा प्रकल्प. तिथं सप्टेंबर २०१९ मध्ये आग लागली तेव्हा माणसं दगावली. नौदलाच्या शस्त्रागारामुळे आसपासच्या बांधकामाचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. पाणी रानसई धरणाचं, उन्हाळ्यात त्याची ओढाताण. अशा गावात सी-फेस बंगलेवाले लगेच येतील असं मला वाटत नाही.

पण मला तिथं आणखी एक दिसलं. संध्याकाळी भाच्यासोबत द्रोणागिरीच्या नव्या इमारतींकडे फिरायला गेले. सात-सात मजले, रंग ताजा, आणि मगरिबनंतरही कितीतरी खिडक्यांत अंधार. भाचा म्हणाला, "खाला, यहां कोई रहता नहीं, सिर्फ लेके रखा है." आमच्या पाचोडला मोसंबीची फळं हिरवी असतानाच व्यापारी बाग उक्ती घेऊन टाकतो, तसंच हे. श्रीमंत माणूस अजून आलेलाच नाही, त्याचा भाव तेवढा पुढे येऊन बसलाय. आणि त्या भावाने खोली रिकामी करायची ती माझ्या बहिणीने.

मुंबईने हे आधी गिरणगावात पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यातले मदनपुऱ्यातले आपले लोकही होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. १९९१ चे नियम आणि २००१ मधला त्यांतला बदल यांनी गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या झाल्या, आणि लोअर परळला चिमण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. कामगारांना घरं द्यायची ठरली ती कुठे? त्यातली बरीचशी पनवेलजवळच्या कोन गावात. त्यांची सोडत २०१६ साली निघाली आणि चाव्या हाती यायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे परळमधून उठवलेला माणूस पनवेलला आणायचा. आता पनवेल-उरणच महाग झालं तर तिथल्या माणसाने कुठे जायचं, हे मी मेहुण्यांना विचारलं. ते म्हणाले, "पेन, नाहीतर आपलं पाचोड."

चाळीच्या मालकाला मी दोष देणार नाही. तो आगरी, साठी उलटलेला. त्याच्या वडिलांची भातशेती सिडकोने घेतली. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. मिळालेला मोबदला इतका तुटपुंजा होता की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा नियम आला. मालकाने चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, बापाची जमीन गेली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. आता माझ्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलंय." त्याच्याही दोन मुलांना कायमची नोकरी नाही. मी काय बोलणार? फक्त एवढं खरं की जमीन गेलेल्याला साडेबारा टक्के, फ्लॅट घेणाऱ्याला चाव्या आणि अकरा वर्षं न चुकता भाडं भरणाऱ्याला एक महिन्याची नोटीस. भाडेकरू कुठल्याच यादीत नसतो.

"मग घ्या ना उलव्याला एक छोटा फ्लॅट," असं सगळे नातेवाईक सांगतात. मेहुण्यांचा पगार थोडा हातात, थोडा फेरीवर भत्ता. बँकेला लागते तशी पगाराची चिठ्ठी त्यांच्याकडे नाही. शिवाय ते व्याजाला हात लावत नाहीत. मी त्यांना यावर उपदेश करायला गेले नाही, कारण मी स्वतः शिक्षक पतसंस्थेचं कर्ज फेडतेय, त्यामुळे माझं तोंड तिथं बंद. पण हिशेबाची गोष्ट बघा. आजची नवी घरं वीस वर्षांच्या हप्त्यांवर विकली जातात आणि त्यांचे भावही त्या हप्त्यांवरच ठरतात. जो माणूस पै-पै साठवून रोखीने घ्यायचं म्हणतो, तो दहा वर्षांनी तेवढ्याच अंतरावर उभा असतो. आपल्या किती घरांत हे चाललंय! त्यात नाव ऐकून "सोसायटीची परवानगी नाही" म्हणणारे वेगळेच. बहिणीला असं दोन ठिकाणी ऐकावं लागलं. तिसऱ्या ठिकाणी एका मराठी बाईने आत बोलावून खोली दाखवली, पण भाडं अकरा हजार होतं.

आता माझ्या हाताची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात एक एजंट फिरत होता. "तिसऱ्या मुंबईत दोन गुंठे, पाच वर्षांत चौपट." शाळेतल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर मीही पन्नास हजार बयाणा दिला. जागा उरण तालुक्यातच, बहिणीच्या घरापासून अर्ध्या तासावर. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी म्हणून. उरणला गेले ती खरं तर तीच जागा बघायला, आणि बहिणीला ते सांगितलं नव्हतं.

जागा बघितली. भाताचं खाचर, त्यात चुन्याने आखलेल्या रेषा, सात-बारावर नऊ जणांची नावं. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्याला कायद्याची अडचण असते, हे एजंटने सांगितलेलं नव्हतं. पण ते सोडा. रेषांच्या मध्ये उभी राहिले आणि ध्यानात आलं, त्या अंधाऱ्या खिडक्यांतली एक माझी आहे. माझ्यासारखे हजार मास्तर, हजार दुकानदार पन्नास-पन्नास हजार घेऊन येतात तेव्हाच इथला भाव चढतो. कुठला बडा शेठ एकटा माझ्या बहिणीला उठवत नाहीये.

रात्री जेवणानंतर सगळं बहिणीला सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "तू नाही घेतलं तर दुसरा घेईल, आपा. पण मला आधी सांगायचं होतंस." मेहुणे म्हणाले, "पैसे परत मिळतात का बघा. मिळाले तर अनामतीला कामाला येतील. उसने म्हणून." हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता मोसंबी सोलत होते.

परत आल्यावर मी एजंटला फोन केला. एक सहकारी माझ्यावर नाराज झाले, त्यांना वाटतं मी भीतीने मागे हटले. थोडी भीती आहेच. एजंट म्हणतो, बयाणा परत होत नाही, गिऱ्हाईक आणून द्या मग बघू. म्हणजे माझी जागा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायची. ते मी करणार नाही असं त्याला सांगितलं आणि पावती घेऊन तालुक्याला वकिलांना भेटून आले. त्यांनी कागद ठेवून घेतलेत.

अनामतीसाठी मी पतसंस्थेतून वीस हजार उचललेत. बहिणीला त्यातलं व्याज माझं मीच भरीन असं कळवलं, मेहुण्यांना ते सांगू नकोस म्हणाले. दहावीचं वर्ष उरणलाच काढायचं ठरलंय, खोली कुठे मिळेल ते अजून नाही. मेहुणे बंदरातून सुटले की रोज एक गल्ली फिरतात.